सणापुरती नको, बारमाही हवी

रमजान ईद जवळ आली की पोलिस ठाण्यात शांतता समितीची बैठक भरते. नमाजाची वेळ, वाहतूक, बंदोबस्त ठरतो, चहा होतो, फोटो निघतो. मंडळी पुन्हा भेटतात ती पुढच्या सणाला. मधल्या महिन्यांत मात्र गल्लीतली कुरबुर वाढत राहते.

भिवंडीने हे मधले महिनेच हाताशी धरले. १९७० आणि १९८४च्या दंगलींत यंत्रमागांचे हे शहर होरपळले होते. १९८८ मध्ये पोलिस उपायुक्त म्हणून आलेल्या सुरेश खोपडे यांनी मोहल्ला समित्या उभ्या केल्या. दोन्ही समाजांचे सामान्य रहिवासी आणि भागातला पोलिस शिपाई नियमित एकत्र बसू लागले. लहान भांडण लहान असतानाच मिटू लागले, अफवा शिपायाकडून तपासून घेता येऊ लागली. बाबरी मशीद पाडल्यानंतर १९९२-९३ मध्ये मुंबई पेटली; भिवंडी शांत राहिली. पुढे मुंबईनेही मोहल्ला समित्यांची वाट धरली.

गावांसाठी राज्याने १५ ऑगस्ट २००७ रोजी महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम सुरू केली. लोणी काळभोरला या दोन्ही अनुभवांची गरज आहे. सोलापूर महामार्गावरचे हे गाव आता शहराला भिडले आहे. इथले पोलिस ठाणेही २०२१ मध्ये ग्रामीण पोलिसांकडून पुणे शहर आयुक्तालयात आले. जुनी घराणी, भाड्याच्या खोल्यांत राहणारे विद्यार्थी, बाहेरगावचे कामगार एकाच गल्लीत नांदतात; पण एकमेकांना नावाने ओळखतातच असे नाही.

समितीला मर्यादाही हवी. बांधावरचा वाद, किरकोळ शिवीगाळ समजुतीने मिटते. बलात्कार, खून, दरोडा यांत तडजोड नाही. तिथे ‘गावाची अब्रू’ म्हणून पीडितेला गप्प बसवणे हाच अन्याय. अशा वेळी समितीचे काम वेगळे असते. पोलिस पुरावा गोळा करतात, सरकारी वकील बाजू मांडतात. पण दबावाखाली साक्षीदार फितूर झाला की खटला ढासळतो. साक्षीला निघालेल्या माणसामागे मोहल्ला उभा राहिला, तर न्यायालयातली ती बाजू भक्कम होते.

ईदच्या बैठकीत सगळे एकत्र येतातच. उठण्यापूर्वी पुढच्या महिन्याची तारीख ठरवावी. त्या दिवशी कोणताही सण नसावा.