नावात चुकलेला सह्याद्री

प्राणिशास्त्राच्या एका नावात सह्याद्री चुकीचा लिहिला गेला आहे आणि तो आता कधीच दुरुस्त होणार नाही. ते नाव आहे 'क्रेम्नोकोंकस सिहाद्रेन्सिस'. हा प्राणी म्हणजे सह्याद्रीच्या ओल्या कड्यांना चिकटून राहणारी, सेंटीमीटरभरही न भरणारी एक गोगलगाय. १८६३ मध्ये तिचे पहिले वर्णन छापले गेले, तेव्हा इंग्रज अधिकारी आपल्या डोंगराला 'सिहाद्री' असे लिहीत. तीच अक्षरे नावात गेली. प्राण्यांच्या नामकरणाची जी आंतरराष्ट्रीय संहिता आहे तिच्यानुसार लेखकाने मूळ वर्णनात वापरलेले हिज्जे कायम राहतात. छपाईची चूक त्याच लेखातून उघड सिद्ध होत असेल तर ती सुधारता येते. पण परभाषेतला शब्द लॅटिन साच्यात बसवताना झालेली ओढाताण ही चूक धरली जात नाही. त्यामुळे कोणी कितीही मोठा पंडित असला तरी 'सिहाद्रेन्सिस'चे 'सह्याद्रेन्सिस' करू शकत नाही.

नियम ऐकून आधी राग येतो. थोडा विचार केला की तो पटतो. प्रत्येक पिढीने आपल्या समजुतीप्रमाणे नावे शुद्ध करायला घेतली, तर दीडशे वर्षांपूर्वीचा लेख आणि आजचा लेख एकाच प्राण्याबद्दल बोलतात हे कळायला मार्ग उरणार नाही.

हे नाव देणारे विल्यम टॉमस ब्लॅनफर्ड आम्हा खानदेशकरांना वेगळ्या कारणाने भेटतात. ते भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणात १८५५ पासून नोकरीला होते. तापी आणि खालच्या नर्मदेच्या खोऱ्यांच्या भूरचनेवर त्यांनी लिहिलेला प्रबंध १८६९ मध्ये प्रसिद्ध झाला. भडगावसारख्या गिरणाकाठच्या गावात राहून मला आपल्या काळ्या मातीखाली काय आहे याची उत्सुकता होती. कॉलेजात हा विषय मी शिकलो नाही. जे मिळेल ते वाचत गेलो आणि त्या वाटेवर ब्लॅनफर्ड आले. दगडांचा हा माणूस फावल्या वेळात गोगलगायी गोळा करीत असे. त्यांचे भाऊ हेन्री हेही भूवैज्ञानिकच. दोघांनी मिळून १८६० पासून बंगालच्या एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात भारतीय मृदुकाय प्राण्यांवर लेखमाला सुरू केली. कड्यातल्या खडकाचा थर पाहायला जो माणूस नाक खडकाला टेकवतो, त्यालाच त्या खडकावरचा ज्वारीच्या दाण्याएवढा शंख दिसणार.

आता गोगलगायीकडे वळू. 'गोगलगाय अन् पोटात पाय' ही म्हण आपण माणसाच्या स्वभावाला लावतो, पण ती प्राणिशास्त्रातही अक्षरशः खरी आहे. क्यूव्हिए या फ्रेंच शास्त्रज्ञाने १७९५ मध्ये या वर्गाला 'गॅस्ट्रोपोडा' म्हटले, त्याचा अर्थ 'पोट-पाय्या'. मराठीत त्यालाच उदरपाद म्हणतात. आमच्या आजीला ग्रीक येत नव्हते, पण निरीक्षण तेच होते.

या पोट-पाय्यांत घराणी अनेक आहेत आणि शंखावरून ती ओळखायला गेले तर फसगत होते. ब्लॅनफर्ड यांच्या १८६३ च्या त्या लेखातच याचा उत्तम नमुना आहे. त्या लेखात त्यांनी सह्याद्रीच्या कड्यांवरच्या दोन नव्या गोगलगायी एकत्र मांडल्या होत्या. एक आपली सिहाद्रेन्सिस आणि दुसरी 'लिथोटिस रुपिकोला', म्हणजे खडकावर वस्ती करणारी. दोघी ओल्या कातळावर राहतात, दोघी लहान, दोघी ना धड पाण्यातल्या ना धड जमिनीवरच्या. पत्ता एक असला तरी वंशावळ मात्र पार वेगळी.

लिथोटिस ही जमिनीवरच्या गोगलगायींच्या घराण्यातली. तिला फुफ्फुसासारखी पोकळी असते, शंखाला झाकण नसते, आणि नर-मादी एकाच शरीरात असतात. क्रेम्नोकोंकसला कल्ले आहेत, शंखाचे तोंड बंद करणारे झाकण आहे, नर वेगळा आणि मादी वेगळी. ती ज्या 'लिटोरिनिडी' कुळात बसते, ते कुळ समुद्रकाठचे आहे. कोकणात भरतीच्या रेषेवरच्या खडकांना दाण्यांसारखे चिकटलेले बारीक शंख आपण पाहतो, त्यांत या कुळातले बरेच असतात. म्हणजे सह्याद्रीच्या धबधब्याशेजारी समुद्राचे एक घराणे वस्तीला आहे. अख्ख्या कुळात खऱ्या अर्थाने गोड्या पाण्यावर जगणारा हा एकच वंश.

हा भेद ओळखायच्या खुणा वाचकालाही पाहता येतील. पावसाळ्यात परसात दिसणाऱ्या गोगलगायीचे डोळे पाहा. ते वरच्या शिंगांच्या टोकाला असतात. समुद्राकडच्या या कुळात डोळे शिंगांच्या बुडाशी असतात. दुसरी खूण भिंगाशिवाय दिसत नाही. गोगलगायीच्या तोंडात कानसीसारखी दातेरी पट्टी असते. लिटोरिनिडी कुळात तिच्या प्रत्येक आडव्या ओळीत सातच दात असतात, तर जमिनीवरच्या गोगलगायींत एकेका ओळीत डझनावारी, कधी शंभराहून जास्त. शंख बाहेरून परिस्थितीप्रमाणे बदलतो. दातांचा हिशेब घराण्याचा असतो. फर्डिनांड स्टोलिच्का या ब्लॅनफर्ड यांच्याच खात्यातल्या पुराजीवशास्त्रज्ञाने सिहाद्रेन्सिसचे विच्छेदन करून तिच्या शरीररचनेवर १८७१ मध्ये टिपण छापले. तीन वर्षांनी लडाखच्या उंचीवर तो वारला. या विषयातली माणसे अशी होती.

नावाची कथा मात्र अजून संपली नव्हती. १८६३ मध्ये ब्लॅनफर्ड यांनी वंशाला दिलेले नाव होते 'क्रेम्नोबेटस', म्हणजे कड्यावर चालणारा. नाव छान होते, पण गुंथर यांनी १८६१ मध्येच ते एका समुद्री माशाच्या वंशाला देऊन टाकले होते. साऱ्या प्राणिजगतात वंशाचे नाव एकदाच वापरता येते, मग एक मासा असो आणि दुसरी गोगलगाय. वनस्पतींचे खाते वेगळे. तिथे तेच नाव चालते. तेव्हा १८६९ मध्ये ब्लॅनफर्ड यांनी नवे नाव काढले, 'क्रेम्नोकोंकस', कड्यावरचा शंख. म्हणून आज पूर्ण नाव लिहिताना 'सिहाद्रेन्सिस'पुढे ब्लॅनफर्ड आणि १८६३ हे कंसात घालतात. त्या कंसाचा अर्थ एवढाच की जातीचे नाव याच माणसाचे, पण त्याने ते दिले तेव्हा वंश वेगळा लिहिला होता. कंस नसला तर वंश मूळचाच. एका कंसात केवढा इतिहास मावतो! (आपल्याकडची वर्तमानपत्रे जातीलाही 'प्रजाती' म्हणतात आणि वंशालाही, त्यामुळे असली कथा मराठीत सांगताना दरवेळी आधी शब्द निवडावे लागतात. मी वरची पायरी वंश आणि खालची जाती असे म्हणतो आहे.)

१८७० मध्ये ब्लॅनफर्ड यांनी याच वंशात 'कोनिकस' आणि 'कॅनालिक्युलॅटस' या आणखी दोन जाती जोडल्या. पुढे अधूनमधून कोणी लिहिले, पण साऱ्या वंशाची नव्याने मांडणी व्हायला २०१३ साल उजाडले. लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियमचे डेव्हिड रीड, बेंगळुरूचे एन. ए. अरविंद आणि उडुपीचे एन. ए. मध्यस्थ यांनी शंख, दात, जननेंद्रिये आणि डीएनए असे सगळे पुरावे एकत्र ठेवले. महाराष्ट्रातल्या तीन जाती कायम राहिल्या आणि कर्नाटकातून सहा नव्या निघाल्या. नवी नावे पाहिली की नामकरणाच्या नाना तऱ्हा कळतात. 'आगुंबेन्सिस' गावावरून, 'कॅस्टानिया' तांबूस तपकिरी रंगावरून, 'ग्लोब्युलस' गोळीसारख्या आकारावरून, 'सिंग्युलॅटस' पट्टा बांधल्यासारख्या रेषेवरून.

एवढ्या जाती झाल्या कशा? समुद्रातल्या या कुळाच्या बहुतेक गोगलगायींची पिल्ले अंड्यातून निघून पाण्यावर तरंगत दूर जातात. क्रेम्नोकोंकसची वाढ अंड्यातच पुरी होते आणि बाहेर पडते ती छोटी गोगलगाय. ती आपल्या धबधब्यावरच राहते. शेजारच्या दरीत जायला तिला ना पाय आहेत ना प्रवाह. त्यामुळे एका कड्यावरची वस्ती संपली तर दुसरीकडून येऊन ती भरून निघण्याची आशा फार थोडी. सिहाद्रेन्सिस आज धोक्यात आलेल्या प्राण्यांच्या जागतिक यादीत आहे.

धबधब्याला पायऱ्या, कठडे, सेल्फीसाठी ओटा, वर बंधारा, खाली पाइप, हे आपण गेल्या वीस वर्षांत सगळीकडे पाहिले. अशा कामाआधी अहवाल होतो, त्यात झाडे मोजतात, पक्षी मोजतात, वाघ-बिबटे असतील तर तेही. नाव नसलेला प्राणी कुठल्याच रकान्यात बसत नाही. निव्वळ 'गोगलगायी आढळल्या' असे लिहून कोणी पायरी हलवत नाही. नाव मिळाल्याने प्राणी वाचतोच असे मुळीच नाही, पण हरकत घ्यायला निदान शब्द मिळतो.

हे काम संपलेले नाही. २०२१ मध्ये अमृत भोसले, तेजस ठाकरे, दीपक मुळे आणि दिनार्झार्दे रहीम यांनी आंबोलीवरून 'वरदिया आंबोलिएन्सिस' ही नवी जातीच नव्हे तर नवा वंशही प्रसिद्ध केला. वंशाला नाव दिले सरीसृपतज्ज्ञ वरद गिरी यांचे. आंबोलीसारख्या माणसांनी गजबजलेल्या ठिकाणी हे घडते, तर आमच्या सातमाळ-अजिंठा रांगेकडे कोणी किती पाहिले आहे हा प्रश्न मला छळतो.

खानदेश कोरडा आहे. इथे बांधावर, तुरीच्या बुडाशी सापडतो तो 'झूटेकस इन्सुलॅरिस'चा पांढुरका, सुपारीएवढाही नसलेला लांबट शंख. त्याचे नाव गमतीचे आहे. 'इन्सुलॅरिस' म्हणजे बेटावरचा. एरेनबर्गने १८३१ मध्ये ते दिले. प्रत्यक्षात हा प्राणी अरबस्तानापासून भारतापर्यंत कोरड्या मुलखात पसरलेला आहे. नावाचा अर्थ खोटा ठरला तरी नाव बाद होत नाही, कारण नाव म्हणजे प्राण्याचे वर्णन नव्हे. वंशाचे नाव मात्र त्याला शोभते. 'झूटेकस' म्हणजे जिवंत पिल्ले देणारा, आणि मोठ्या शंखाच्या आत कधीकधी इवलेसे शंख खरोखर सापडतात.

गिरणेला पूर येऊन गेला की काठावर काडीकचऱ्याची रेघ राहते. तो कचरा वाळवून चहाच्या गाळणीने चाळला की दोन-तीन मिलिमीटरचे शंख निघतात. काडेपेट्या भरतील इतके माझ्याकडे आहेत. ओळखीची मंडळी विचारतात, "काका, यातला एखादा नवा असेल तर त्याला भडगावचे नाव द्या ना." 'भडगावेन्सिस' ऐकायला गोड आहे, पण रिकाम्या शंखावर असे नाव टाकणे हा उद्योग एकोणिसाव्या शतकात पुष्कळ झाला आणि ती घाण उपसण्यात पुढच्यांची हयात गेली. पुरात वाहून आलेला शंख नेमका कुठला हे सांगता येत नाही. प्राणी जिवंत हवा, अल्कोहोलमध्ये ठेवलेला हवा, दात आणि जननेंद्रिये पाहिलेली हवीत, जवळच्या सगळ्या जाती संग्रहालयात ताडलेल्या हव्यात. वर्णनाला एक नमुना आधार म्हणून नेमावा लागतो आणि नाव कायम त्या नमुन्याला बांधलेले राहते. जैविक विविधता अधिनियम, २००२ च्या कलम ३९ प्रमाणे नवी जाती सापडली तर नेमून दिलेल्या भांडाराला कळवून नमुना तिथे जमा करावा लागतो. पाटणादेवीचे ओले कडे गौताळा-औट्रमघाट अभयारण्यात येतात, तिथला साधा शंख उचलायलाही वनखात्याची परवानगी लागते. ही कटकट वाटते खरी, पण मी तिच्या बाजूने आहे.

तोवर माझ्या काडेपेट्यांवर चिठ्ठ्या आहेत: गिरणा, भडगाव, डावा काठ, तारीख, पुराच्या रेघेवर, किती नग. नावाची जागा पेन्सिलीने आखून रिकामी ठेवली आहे.