बिऱ्हाड हलविण्यापूर्वीं भिंतींच्या रंगाचा विचार

सदाशिव पेठेंत एखादें बिऱ्हाड हलावयाचें ठरलें, कीं चर्चा प्रथम सामानाची होते आणि भिंतींची सर्वांत शेवटीं. कपाट कोणत्या खोलींत जाईल, देवघर कोठें बसेल, पुस्तकांचे खोके किती होतील, हें महिनाभर आधीं ठरतें. रंगाचा प्रश्न मात्र टेंपो सांगून झाल्यावर, दुकानांतील पुठ्ठ्यावरच्या टिकल्या पाहून, पांच-दहा मिनिटांत उरकला जातो. वास्तविक क्रम उलटा हवा. रिकाम्या घरांत रंगारी एका भिंतीवरून दुसरीकडे बिनअडथळा जातो; भरल्या घरांत त्याचा अर्धा वेळ सामान ओढण्यांत आणि झांकण्यांत जातो, आणि त्या वेळेचेहि पैसे मोजावे लागतात.

या पेठेंत हा प्रश्न हल्लीं अनेक कुटुंबांपुढें दोनदां उभा राहतो. जुना वाडा पाडून तेथें नवी इमारत उठावयाची, म्हणजे मधलीं दोन-तीन वर्षें भाड्याच्या जागेंत काढावयाचीं आणि मग पुन्हां परत यावयाचें. पहिल्या वेळीं भिंती दुसऱ्याच्या, दुसऱ्या वेळीं स्वतःच्या. पैशाची पिशवी मात्र एकच. अशा वेळीं घरांतील कोणी म्हणतें, पांढरा रंग फांसा आणि मोकळे व्हा. कोणी नातेवाइकांकडे गर्द राखी भिंत पाहून आलेलें असतें, त्याला तीच हवी असते. दोन्ही सल्ल्यांत उणीव एकच आहे. खोलींत उजेड किती येतो आणि कोठून येतो, हें कोणीच विचारलेलें नसतें.

पेठेंतील उजेड बहुधा थेट आकाशांतून येत नाहीं. लक्ष्मी रस्ता आणि टिळक रस्ता यांच्या दरम्यानच्या गल्ल्यांत खालच्या मजल्यांवरील खिडक्यांपुढें समोरच्या घराची भिंत उभी असते. ऊन तिच्यावर पडतें आणि तेथून परतून खोलींत शिरतें. हा एका अर्थानें वापरलेला उजेड होय. समोरची भिंत गुलाबी असली तर तो गुलाबी होऊन येतो, हिरवी असली तर हिरवट. दुकानांत निव्वळ मोतिया दिसलेली छटा घरीं शेवाळी कां दिसूं लागली, याचें कोडें पुष्कळांना पडतें. त्याचें उत्तर डब्यांत नसून गल्लीच्या पलीकडे असतें.

खोलींत शिरलेल्या उजेडाचें पुढें काय होतें, हेंहि पाहण्यासारखें आहे. चांगली पांढरी भिंत तिच्यावर पडलेल्या प्रकाशापैकीं शेंकडा ८० भाग परत फेंकते असें धरलें, तर तो प्रकाश दुसऱ्या भिंतीवरून ६४ आणि तिसरीवरून ५१ भाग असा उतरत जातो. मध्यम राखी भिंत शेंकडा ५० भाग परत देत असेल, तर तोच क्रम ५०, २५, १२ असा होतो. पहिल्या उडीला फरक तीस भागांचा दिसतो. तिसऱ्या उडीला पांढऱ्या खोलींत राखी खोलीच्या चौपट प्रकाश उरलेला असतो. खिडकीपासून दूरच्या कोपऱ्याच्या वांट्याला येतो तो बहुतेक या दुसऱ्या-तिसऱ्या उडीचाच उजेड. परदेशी मासिकांत मोठमोठ्या खिडक्यांच्या दिवाणखान्यांतून शोभणारा राखी रंग दहा फुटी खोलींत आणला, कीं दुपारीं बारा वाजतां दिवा लावण्याची पाळी येते आणि रंगाची किंमत विजेच्या बिलांतून वर्षानुवर्षें फेडावी लागते.

ज्या घरांत म्हातारीं माणसें आहेत, तेथें हा हिशेब नुसत्या बिलाचा राहत नाहीं. वाढत्या वयाबरोबर डोळ्याची बाहुली लहान होते आणि भिंग पिवळसर होतें. साठीच्या माणसाच्या नेत्रपटलावर विशीतल्या माणसाच्या मानानें सुमारें एक तृतीयांशच प्रकाश पोंचतो. जन्मभर ज्या वाड्यांत अंधारांतहि पाऊल चुकलें नाहीं, तो सोडून आलेल्या आजीला नव्या घरांतील उंबरा आणि न्हाणीघराची पायरी डोळ्यांनींच शोधावी लागते. तिच्यासाठीं भिंत फिकी हवी; पण दाराची चौकट, कठडा आणि विजेचीं बटनें भिंतीपासून वेगळीं उठून दिसावीं. सर्वच एकसारखें पांढरें केलें, तर उजेड वाढूनहि कडा हरवतात.

फिकें म्हणजे पांढरेंच असें मात्र नाहीं. दुधी, मोतिया, हस्तिदंती, बदामी, बिस्किटी, फिकट राखी, हे सगळे रंग एका कुळांतले. त्यांना मवाळ रंग म्हणावयास हरकत नाहीं. पुण्यांत या शब्दाला दुसराच इतिहास चिकटलेला आहे, आणि गंमत अशी कीं येथेंहि मवाळ दिसणाऱ्याच्या पोटांत कांहींतरी दडलेलें असतेंच. कोणत्याहि फिक्या रंगाच्या मुळाशीं पिवळी, तांबूस, हिरवट किंवा निळसर झांक असते. एकट्या टिकलीवरून ती कळत नाहीं. ती ओळखावयाची युक्ति सोपी आहे: टिकली कोऱ्या पांढऱ्या कागदावर ठेवावी आणि तिच्या शेजारीं त्याच जातीच्या दुसऱ्या दोन-तीन टिकल्या मांडाव्या. लागलीच एक पेवडीकडे झुकलेली आणि दुसरी नीळ घातल्यासारखी दिसूं लागते.

शेजाराचा हा परिणाम शास्त्रांत चांगला नोंदलेला आहे. पॅरिसच्या गोबलें येथील विणकामाच्या सरकारी कारखान्यांत रंगशाळेचा प्रमुख असलेला रसायनशास्त्रज्ञ शेव्हरल याच्याकडे अशी तक्रार आली, कीं काळ्या रंगाचा धागा पुरेसा काळा उतरत नाहीं. त्यानें तपासलें तेव्हां धाग्याच्या रंगांत दोष सांपडला नाहीं. निळ्या-जांभळ्या धाग्यांशेजारीं विणल्यामुळें तो काळा डोळ्याला फिका भासत होता. त्यावरून त्यानें १८३९ सालीं रंगांच्या परस्पर परिणामावर मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला. घरापुरता त्याचा अर्थ असा, कीं भिंतीचा रंग फरशी, पडदे आणि कपाट यांच्यापासून तोडून निवडतां येत नाहीं. तांबूस सागवानी कपाटाशेजारीं निळसर पांढरी भिंत अधिकच निळी, रुग्णालयासारखी दिसते. तीच भिंत पिवळसर दुधी असली तर लांकूड आणि भिंत एकमेकांना सांभाळून घेतात. वाड्यांतून आणलेलें जुनें सामान ज्या घरांत जावयाचें आहे, तेथें बहुधा ही दुसरी निवड बरी ठरते.

मागच्या पिढीला इतका विचार करावा लागत नसे, कारण निवडच थोडी होती. विश्रामबागवाड्यासारख्या वास्तूपासून दोन खणांच्या बिऱ्हाडापर्यंत भिंतीला चुना, त्यांत थोडा सरस किंवा डिंक, आणि रंग हवा असल्यास पेवडी, काव किंवा हिरमिजी. विझविलेला चुना भिंतीवर हवेंतील कर्बवायु शोषून पुन्हां चुनखडीचा कठीण थर होतो. ओला असतांना तो जवळजवळ पारदर्शक असतो आणि वाळतांना पांढरा होत जातो. हल्लींच्या इमल्शनची गोष्ट उलटी. त्यांतील चिकट द्रव्य ओलें असतां दुधाळ असतें व वाळल्यावर स्वच्छ होतें, म्हणून छटा वाळतांना किंचित् गडद होते. जुन्या संवयीच्या माणसाला वाटतें, वाळला कीं उजळेल. तो उजळत नाहीं. चुन्यांत चिमूटभर नीळ घालण्याची जी रीत होती, तिनें भिंतीचा पिवळेपणा मारला जाऊन ती अधिक शुभ्र वाटे, पण परत येणारा प्रकाश प्रत्यक्षांत थोडा कमीच होई. आधींच निळसर उजेड असलेल्या खोलींत त्या रीतीचें अनुकरण करण्याचें कारण नाहीं.

निळसर उजेड कोणत्या खोलींत असतो, हें दिशेवरून कळतें. पुणें सुमारें १८.५ उत्तर अक्षांशावर आहे. मेच्या मध्यापासून जुलैच्या अखेरीपर्यंत मध्यान्हीचा सूर्य डोक्याच्या किंचित् उत्तरेस जातो खरा, परंतु त्यांतला बराच काळ ढगांत जातो. उत्तरेच्या खिडकींतून वर्षभर मुख्यतः आकाशाचाच थंड उजेड येतो. तेथें पिवळसर दुधी किंवा फिकट बदामी घ्यावा. डिसेंबरांत मध्यान्हीचा सूर्य दक्षिणेस क्षितिजापासून सुमारें ४८ अंशांवर असतो, म्हणून दक्षिणेची खिडकी मोकळी असेल तर ऊन खोलींत शिरतें. अशा खोलीला व पश्चिमेच्या खोलीला शुद्ध पांढरा किंवा अगदीं हलका राखी रंगहि चालतो. रात्रींचा प्रश्न निराळा. दिव्याच्या खोक्यावर ३००० केल्विन असा आंकडा असेल तर तो पिवळसर उजेड देतो, ६५०० असेल तर निळसर. घरांत कोणते दिवे लावावयाचे हें आधीं ठरवावें आणि रंग त्या दिव्यांखालीं पाहावा.

पाहावयाचा तो भिंतीवर ठिपके मारून नव्हे. जुन्या रंगाशेजारीं नवा ठिपका फसवा दिसतो, हें शेव्हरलच्या धाग्यावरून ध्यानांत आलेंच असेल. पसंत पडलेल्या दोन छटांचे लहानांत लहान डबे आणावे, दोन फूट लांब-रुंद पांढऱ्या पुठ्ठ्यांना दोन-दोन हात द्यावे, आणि पूर्ण वाळल्यावर ते खोलीच्या चारी भिंतींना टेकवून सकाळीं, दुपारीं आणि दिवे लागल्यावर पाहावे. शंका राहिली तर एक पायरी फिकी छटा घ्यावी. चारी भिंती एकाच रंगाच्या झाल्या, कीं त्यांच्यामधून उड्या घेणारा प्रकाश दर वेळीं तोच रंग उचलतो आणि टिकलीवर सौम्य दिसलेली छटा खोलींत भडक होते.

आतां पैशाकडे वळावें. रंगकामांत मजुरीचा वांटा सहसा मालाहून लहान नसतो, म्हणून खर्च ठरतो तो मुख्यतः किती हात द्यावे लागतील यावर. रंगाचा पांढरेपणा आणि झांकण्याची शक्ति ज्यामुळें येते, तें टायटॅनियम डायऑक्साइड डब्यांतील महाग द्रव्यांपैकीं एक आहे. फार स्वस्त डब्यांत तें कमी आणि खडूची भुकटी जास्त असते. मग दोन हातांचें काम तीन हातांवर जातें आणि वाचलेले पैसे रंगाऱ्याला द्यावे लागतात. याउलट फिक्या छटेला पांढऱ्या बेसमध्यें थेंबभर रंगद्रव्य पुरतें, गडद छटेला पुष्कळ लागतें व तिचा दरहि बहुधा चढता असतो. मवाळ रंगाची काटकसर येथें आहे. आणखी एक काटकसर म्हणजे सर्व खोल्यांना एकच छटा. प्रत्येक खोलीला निराळा रंग घेतला तर प्रत्येक डब्याच्या तळाशीं अर्धापाव लिटर अडकून पडतो.

हिशेब दुकानदारावर सोंपवूं नये. १२ फूट लांब, १० फूट रुंद आणि साडेनऊ फूट उंच खोलीच्या चारी भिंती मिळून ४१८ चौरस फूट होतात. एक दार ३ बाय ७ आणि एक खिडकी ४ बाय ४ वजा केली, कीं ३८१ उरतात. डब्यावर दोन हातांना लिटरमागें समजा १०० चौरस फूट असें लिहिलें असेल, तर चार लिटर पुरे. छताचे १२० चौरस फूट वेगळे. तें पांढरेंच ठेवावें, कारण खिडकीखालच्या जमिनीवरून उसळलेला उजेड तेंच आंत पसरवितें.

भाड्याच्या घरांत याहून कमींत भागतें. मालकाची संमति लेखी घ्यावी, भिंती पुसून घ्याव्या, खिळ्यांचीं भोंकें लांबीनें बुजवावीं आणि आहे त्याच जातीच्या फिक्या रंगाचे एक-दोन हात द्यावे. दोन-तीन वर्षांच्या मुक्कामासाठीं गुळगुळीत पुट्टी करण्याचें कारण नाहीं. चकाकणारा रंग तर टाळावाच. बाजूनें येणाऱ्या उजेडांत तो प्लास्टरची प्रत्येक लाट दाखवितो, बिनचमकेचा रंग ती लपवितो.

ओल असेल तेथें मात्र कोणत्याच रंगावर पैसा घालूं नये. जुन्या वाड्याच्या चुन्याच्या भिंतीला प्लॅस्टिकचा रंग दिला, कीं आंतली वाफ अडते आणि पोपडे सुटतात. तेथें चुनाच बरा. नव्या इमारतींत प्लास्टरमधील पाणी सुकण्यास महिने लागतात, व त्याबरोबर क्षार बाहेर येऊन लोणा दिसूं लागतो. प्लॅस्टिकचा हातभर तुकडा चारी बाजूंनीं पट्टीनें भिंतीला चिकटवून रात्रभर ठेवावा. सकाळीं आंतून थेंब जमले असतील तर भिंत तयार नाहीं. येथें रिकाम्या घराची सोय आणि कोरड्या भिंतीची गरज यांच्यांत झगडा पडतो, आणि बाजू भिंतीची घ्यावी. बाकीचें घर रंगवून बाहेरच्या बाजूची ओलसर भिंत बांधकामवाल्याच्या पांढऱ्या हातावरच पहिल्या पावसाळ्यापुरती ठेवली, तर कांहीं बिघडत नाहीं.

वाड्याचीं सागवानी दारें नव्या घरांत बसवावयाचीं असलीं, तर त्यांवरच्या जुन्या तेलरंगाविषयीं सावध असावें. घरगुती रंगांत शिसें दहा लाख भागांत ९० भागांपेक्षां अधिक नसावें, असा नियम केंद्र सरकारनें २०१६ सालीं केला आणि तो २०१७ च्या नोव्हेंबरपासून लागू झाला. त्यापूर्वींच्या थरांत शिसें असण्याचा संभव आहे. असा रंग कोरडा घांसूं नये. तो पाणी मारून, घराबाहेर, मुलें जवळ नसतांना काढावा आणि चोथा गोळा करून बांधून ठेवावा.

यंत्रावर मिसळलेल्या दोन डब्यांत सूक्ष्म फरक पडूं शकतो, म्हणून एका खोलीचे सर्व डबे मोठ्या बादलींत एकत्र ढवळून मगच काम सुरू करावें. आधीं छत, मग भिंती, शेवटीं दारें-खिडक्या. खिडक्या तीन-चार दिवस उघड्या ठेवाव्या. उरलेला रंग लहान डब्यांत गच्च भरून त्यावर छटेचा क्रमांक, खोली आणि तारीख लिहून ठेवावी; कपाट आंत आणतांना भिंतीला पहिला ओरखडा पडतो, तेव्हां तो उपयोगी येतो.