भेंडीचीं पिवळीं पानें

परसांतील भेंडीचीं पानें पिवळीं पडूं लागलीं कीं आपण गृहस्थ काय करतों? खत घालतों. गेल्या श्रावणांत आम्हीही तेंच केलें. झाडें भुकेलीं आहेत, असा आमचा तर्क! पंधरा दिवसांत सगळी ओळ पिवळी झाली आणि भेंड्याही पांढुरक्या व राठ निघूं लागल्या.

पिवळेपणाचेही प्रकार आहेत, हें आम्हांस तेव्हां कळलें. नत्र कमी पडल्यास खालचीं जुनीं पानें आधीं व सरसकट पिवळीं होतात. लोह कमी पडल्यास शेंड्याचीं कोंवळीं पानें पिवळीं होतात, पण शिरा हिरव्या राहतात. आमच्या भेंडीचें नेमकें उलट होतें: शिरांचें जाळें पिवळें, मधला भाग हिरवा. हा केवडा रोग. तेव्हांच्या मुंबई इलाख्यांत याची नोंद १९२४ सालींच झाली होती. याचा विषाणु पांढरी माशी पसरविते. ती पानाच्या पाठीशीं बसते. आणि ग्रंथांचीं पानें उलटण्यांत जन्म घालविलेल्या आम्हांस भेंडीचें पान उलटून पाहण्याचें सुचलें नाहीं!

रोगट झाडास औषध नाहीं; तें दिसतांच उपटून दूर पुरावें. उरलेल्या झाडांवर, पानांच्या खालच्या बाजूस, सायंकाळीं निंबोळीचा अर्क फवारावा. लिटरभर पाण्यास ५० ग्रॅम निंबोळीची पूड रात्रभर भिजवून गाळली म्हणजे झालें.

यंदा आम्ही केवड्यास दाद न देणारी म्हणून काढलेल्या 'परभणी क्रांती' जातीचें बीं आणलें आहे. खताची पिशवी मात्र घरांतून कुलुपांत ठेवण्यांत आली आहे.