सर्व्हर सापडत नाही? आधी दिवे बघा

लातूरच्या मार्केट यार्डात सोयाबीनची आवक जोरात असताना एका आडत दुकानातून फोन आला. कुठल्याच कॉम्प्युटरवर सर्व्हर उघडेना, हिशोबपट्ट्या अडकल्या, शेतकरी काउंटरवर ताटकळलेले.

अशा वेळी मी आधी स्विचवरचे दिवे बघतो. एखाद्या पोर्टचा दिवाच लागत नसेल, तर केबल गेलेली किंवा जॅकची क्लिप तुटलेली. गोदामालगतच्या दुकानांत उंदरांनी कुरतडलेली वायर तर नेहमीचीच!

दिवा लागतोय? मग कमांड प्रॉम्प्टमध्ये आयपीकॉन्फिग द्या. पत्ता १६९.२५४ ने सुरू होत असेल, तर राउटरकडून आयपी मिळालेलाच नाही, विंडोजने स्वतःच घेतलाय.

पत्ता ठीक असेल तर सर्व्हरला पिंग करा. आधी आयपीने, मग नावाने. फक्त नावाने उत्तर येत नसेल, तर गडबड नावाची.

इथे राउटर नुकताच बदलला होता. अशा वेळी विंडोज त्याला नवं नेटवर्क समजून 'पब्लिक' ठरवू शकतं. मग फायरवॉल शेअरिंग अडवतो, पिंगलाही उत्तर देत नाही. सर्व्हर मात्र ठणठणीत असतो. सर्व्हरवर 'प्रायव्हेट' केलं, आयपी कायमचा दिला, पट्ट्या निघायला लागल्या.

फायरवॉल सरसकट बंद करू नका, ही कळकळीची विनंती. २०१७ मध्ये वॉनाक्राय रॅन्समवेअर फाइल शेअरिंगच्याच वाटेने एका कॉम्प्युटरवरून दुसऱ्यावर पसरला होता.

नांदेड-लातूरकडे कुणाचं असंच अडलं असेल, तर एररचा फोटो टाकून बिनधास्त विचारा.