उंदराचं नाक, क्रॅबचं रक्त, जेलिफिशचा उजेड

टांझानियातल्या मोरोगोरो शहरात चक्क उंदीर टीबी शोधतात. अपोपो नावाच्या संस्थेनं आफ्रिकेतल्या धिप्पाड उंदरांना त्यासाठी तयार केलंय. पेटीच्या तळाला ओळीनं भोकं, प्रत्येक भोकाखाली थुंकीचा नमुना. त्यातले जंतू आधीच उष्णतेनं मारलेले असतात. उंदीर हुंगत हुंगत पुढे सरकतो आणि एखाद्या भोकावर काही सेकंद नाक रोवून थांबला, की समजायचं, इथंच पाणी मुरतंय! शंभर नमुने वीस मिनिटांत उरकतात. सूक्ष्मदर्शक घेऊन बसलेल्या तंत्रज्ञाला एवढ्याच कामाला चार दिवस लागू शकतात. उंदरानं हेरलेले नमुने मग प्रयोगशाळेत पुन्हा तपासून खात्री करतात.

बायोसेन्सरची सगळी करामत हीच. जंतू किंवा रसायन ओळखायचं ते एखाद्या पेशीनं, अँटिबॉडीनं किंवा एन्झाइमनं; आणि ती ओळख आकड्यात, रंगात, उजेडात बदलून आपल्याला दाखवायची यंत्रानं. १९६२ साली अमेरिकेत लेलँड क्लार्क यांनी ही जोडी जमवली ती साखर मोजण्यासाठी. आज घरोघरी असलेला ग्लुकोमीटर त्याच घराण्यातला.

मला मात्र यात सगळ्यात थोर वाटतो तो हॉर्सशू क्रॅब. नावात क्रॅब असला, तरी नातं कोळी-विंचवांशी. रक्त निळं, कारण त्यात लोहाऐवजी तांबं. १९५६ साली फ्रेडरिक बँग यांच्या लक्षात आलं, की विशिष्ट जिवाणू शिरले की हे रक्त थिजतं. पुढे जॅक लेव्हिन यांच्यासोबत त्यांनी त्यावरून चाचणीच बसवली. रक्तपेशींचा अर्क आणि तपासायचं औषध एका नळीत घालायचं, ३७ अंशांवर तासभर ठेवायचं आणि नळी सरळ उलटी करायची. गोळा तळाला घट्ट चिकटून राहिला, तर औषधात जिवाणूंचं विष आहे! त्याआधी हेच कळण्यासाठी सशांना इंजेक्शन देऊन ताप येतो का ते पाहत बसावं लागे. पण रक्त काढल्यावर यातले काही क्रॅब दगावतात, हे मनाला लागतंच. म्हणूनच सिंगापूरमध्ये डिंग जाक लिंग आणि हो बो यांनी त्या रक्तातला नेमका घटक प्रयोगशाळेत तयार केला, याचं मोल फार मोठं.

१८९६ साली मुंबईत हाहाकार उडवणारा प्लेगचा जंतू आठवतोय? त्याला हेरण्यासाठी २००३ साली अमेरिकेतल्या एमआयटीच्या शास्त्रज्ञांनी रोगप्रतिकारक पेशींमध्ये जेलिफिशचं चमकणारं प्रथिन घातलं. प्लेगचे जेमतेम पन्नास जंतू समोर आले, तरी तीन मिनिटांच्या आत पेशी उजळल्या.

काजवाही कामाला लागलाय. त्याच्या एन्झाइमनं जंतूंमधलं ऊर्जेचं रसायन उजळतं, त्यामुळे हॉस्पिटलातलं टेबल खरंच स्वच्छ आहे का, ते लगेच समजतं.

आपल्याकडची कामगिरीही झकास आहे. दिल्लीच्या आयजीआयबी या संशोधन संस्थेत देबज्योती चक्रवर्ती आणि सौविक मैती यांनी २०२० साली कोरोनासाठी कागदी पट्टी बनवली. नाव ठेवलं फेलूदा, सत्यजित राय यांच्या गुप्तहेराचं! जिवाणू स्वतः विषाणूंशी लढताना वापरतात, ते कॅस ९ प्रथिन तिच्यात आहे.

आणि रॅपिड टेस्टच्या पट्टीवर उमटते ती लाल रेघ? बहुतेक वेळा ती सोन्याच्या कणांची असते. इतक्या बारीक कणांत सोनं पिवळं नाही, लाल दिसतं.