शंभर पानांचे माप आणि पाच माणसांची कढई

एकेकाळी रेल्वेच्या चोळा वीजकेंद्रामुळे ओळखले जाणारे ठाकुर्ली आज डोंबिवली आणि कल्याण यांच्यामधले दाट वस्तीचे उपनगर झाले आहे. पेढी मुंबईत किंवा कल्याणच्या बाजारात आणि घर येथे दोन-तीन खोल्यांचे, अशी अनेक व्यापारी कुटुंबांची रचना असते. एकत्र कुटुंबातून वेगळे होताना भांडी वाटून घेता येतात. पाककृतींची वही मात्र वाटता येत नाही, तिची नक्कल करावी लागते. त्या नकलेत स्वामिवात्सल्याच्या महाराजांनी सांगितलेली डाळ शंभर पानांची असते आणि आजेसासूबाईंचा मोहनथाळ लग्नघराचा असतो. नव्या घरात जेवणारी माणसे मात्र पाच.

अन्य घरांत उरलेली डाळ शीतकपाटात जाते आणि दुसऱ्या दिवशी पानात येते. ओलसर शिजलेले अन्न रात्र उलटली की अभक्ष्य मानणाऱ्या श्राविकेला ती सोय नाही. चोविहार पाळणाऱ्या घरात तर सूर्यास्तानंतर कोणी अर्धी वाटीही घेत नाही. त्यामुळे माप चुकले तर अन्न टाकण्याचा दोष लागतो, आणि तो टाळण्यासाठी भुकेपेक्षा जास्त खावे लागते. दोन्ही गोष्टी नकोशाच.

पहिली अडचण वहीच्या मापातच दडलेली असते. जुन्या वहीत ‘शेर’ लिहिला असेल, तर तो कोणता? ८० तोळ्यांचा पक्का शेर सुमारे ९३३ ग्रॅमचा. जुन्या मुंबईच्या बाजारातला मण मात्र २८ पौंडांचा, म्हणजे जेमतेम १२.७ किलोचा होता. त्याचे ४० शेर केले तर एक शेर ३१७ ग्रॅमच्या आसपास येतो. शिवाय धान्य मापायचा शेर वजनाचा नव्हे, आकारमानाचा. दशमान वजने १९५८ पासून टप्प्याटप्प्याने लागू झाली, त्यामुळे त्याआधीच्या वहीत प्रथम घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारणे बरे. ते शक्य नसेल तर त्याच कृतीतल्या डाळ, तूप, साखर यांचे परस्परप्रमाण पाहावे. सगळी मापे एकाच शेरात असतील, तर शेर कोणताही असो, प्रमाण बदलत नाही.

कमलाबाई ओगले यांच्या १९७० साली प्रसिद्ध झालेल्या ‘रुचिरा’ने घरोघर मान मिळवला, त्याचे एक कारण हेच असावे की त्यात वाटी आणि चमचा ही स्वयंपाकघरातली मापे होती. कांदा-लसणाच्या कृती आपल्या उपयोगाच्या नाहीत. मापाची ती रीत मात्र उचलण्याजोगी आहे.

मापाचा निकाल लागला की त्रैराशिक. व्यापारी घराला ते शिकवावे लागत नाही. समजा, शंभर पानांना ४ किलो तूरडाळ, २० लिटर पाणी, ४०० ग्रॅम गूळ आणि २२० ग्रॅम मीठ लिहिले आहे. पाच जणांसाठी विसावा भाग करायचा, तर २०० ग्रॅम डाळ, एक लिटर पाणी, २० ग्रॅम गूळ आणि ११ ग्रॅम मीठ. डाळ, गूळ आणि मीठ यांना हा हिशेब मानवतो. पाण्याला मानवत नाही. भांडे लहान होते तेव्हा आतला ऐवज झपाट्याने कमी होतो, पण उघडा पृष्ठभाग तितका कमी होत नाही. त्याच आकाराच्या, विसाव्या हिश्शाच्या भांड्यात दर लिटरमागे उघडा पृष्ठभाग पावणेतीन पटींच्या घरात जातो. उघड्यावर उकळलेली डाळ म्हणूनच लवकर आटते आणि मोजून घातलेले मीठही खारट लागते. तेथे वाटीभर गरम पाणी जवळ ठेवावे. कुकरमध्ये याच्या उलट घडते: वाफ फारशी जातच नाही, म्हणून पाणी थोडे कमीच घालावे.

मसाल्यांत त्रैराशिक हास्यास्पद उत्तरे देते. दहा तमालपत्रांचा विसावा भाग अर्धे पान, पाच लवंगांचा पाव लवंग! शिवाय मोठ्या पातेल्यात खडा मसाला तासन्‌तास मुरतो. घरी वीस मिनिटांत ते होत नाही. एक अख्खी लवंग घालावी, किंवा चिमूटभर पूड. सुंठ, हिंग आणि तिखट हिशेबाच्या पाऊण भागापासून सुरू करून चव पाहून वाढवावे. फोडणीचे तेल किंवा तूप मात्र कढल्याचा तळ झाकण्याइतके हवेच, नाहीतर मोहरी तडतडण्याआधी जिरे करपते.

खरी परीक्षा मोहनथाळाची. पाच किलो बेसन भाजायला महाराजांना तास लागतो, म्हणून पाव किलोला तीन मिनिटे असे कोणी करीत नाही. पण वहीत लिहिलेल्या तासावर विसंबणारे पुष्कळ असतात. वेळ सोडून द्यावी आणि रंग व गंध धरावा. मोठ्या कढईत साठलेली उष्णता आच बंद केल्यावरही बेसन भाजत राहते, म्हणून महाराज ते एक छटा अलीकडे उतरवतात. लहान कढई लवकर निवते; तेथे बदामी रंग आचेवरच यायला हवा. पाकाचे तसेच: पाव किलो साखरेचा पाक एकतारीवरून पुढे जायला मिनिटही पुरते, म्हणून कढईपासून हलू नये. येथे चूक केवळ चवीची राहत नाही. पाक कच्चा राहिला तर ती मिठाई दुसऱ्याच दिवशी शिळी मानतात. पक्क्या पाकाच्या मिठाईला हिवाळ्यात ३०, उन्हाळ्यात २० आणि पावसाळ्यात १५ दिवसांची परंपरागत मुदत मिळते. म्हणजे पर्युषणात पंधरवड्यात संपेल एवढाच थाळ करावा.

संध्याकाळचा हिशेब वेगळाच. डिसेंबरात सूर्य सहाच्या सुमारास मावळतो. त्या वेळी पेढीवरची माणसे लोकलमध्येही बसलेली नसतात. त्यांची डाळ सकाळच्या डब्यात गेलेली असते, किंवा तीही धरून चालायची नसते. पाच माणसांचे घर तेव्हा तीन पानांचे होते, आणि २०० ग्रॅम डाळ १२० वर येते.

हे सारे वहीत जुन्या मापाशेजारी दुसरा रकाना आखून, खातेवहीत लिहितात तसे तारखेसह लिहून ठेवावे: कोणते भांडे, किती पाणी, किती उरले. चार-सहा वेळा केल्यावर तो रकाना स्थिर होतो. पारण्याच्या दिवशी पन्नास पाने वाढली, तर मात्र हा नवा रकाना दहाने गुणू नये. जुन्या रकान्याचे अर्धे करावे.