पोकळ धागा

किडनीच्या आजारात भौतिकशास्त्राचं काय काम, असा विषय संपादकांनी पुढ्यात टाकला तेव्हा मला आधी आठवली ती पुण्यात पाषाणला असलेली एनसीएल, म्हणजे राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा. 3 जानेवारी 1950 रोजी नेहरूंनी उद्घाटन केलेल्या या प्रयोगशाळेचा अधिकृत इतिहास माहितीपत्रकात सापडतो, तो तिथेच वाचावा. माझं कुतूहल तिथल्या पॉलिमर विभागापुरतं होतं. उल्हास खारूल आणि सहकाऱ्यांनी तिथे पोकळ धाग्यांच्या मेम्ब्रेनवर अनेक वर्षं काम केलं, पाणी गाळण्यासाठी आणि हवेतला ऑक्सिजन वाढवण्यासाठी. किडनीच्या जागी रक्त गाळणाऱ्या डायलायझरच्या नळकांड्यात असतो तो याच जातीचा धागा.

तो कसा काढतात, हे एकदा समजून घेतलं की डोक्यातून जात नाही. पॉलिसल्फोनसारखं पॉलिमर द्रावकात विरघळवायचं आणि तो दाट द्रव स्पिनरेट नावाच्या इवल्याशा सोऱ्यातून दाबायचा. पण या सोऱ्याच्या भोकात मधोमध एक सुई असते; तिच्यातून दुसराच द्रव वाहतो, म्हणून धागा आतून पोकळ राहतो. खाली थोडी हवा, मग पाण्याची टाकी. पाण्यात शिरताच द्रावक बाहेर पडतो, पाणी आत घुसतं आणि पॉलिमर जागच्या जागी घट्ट होतं. छिद्रं कुणी पाडत नाही, त्या पळापळीत ती आपोआप पडतात. हवेतलं अंतर, टाकीचं तापमान, धागा गुंडाळायचा वेग, यातलं काहीही हललं की छिद्रांची मापं बदलतात.

आणि मापावरच सगळं अवलंबून आहे. युरियाचा रेणू 60 डाल्टनचा, तो निघून गेला पाहिजे. अल्ब्युमिन सुमारे 66,500 डाल्टनचं, ते रक्तातच राहिलं पाहिजे. एका डायलायझरमध्ये असे दहा हजारांच्या आसपास धागे, प्रत्येकाचा आतला व्यास जेमतेम 0.2 मिलिमीटर. सगळ्यांच्या भिंती उलगडल्या तर दीड चौरस मीटरच्या घरात भरतात. आतून रक्त एका दिशेने, बाहेरून डायलिसिसचं पाणी उलट्या दिशेने, म्हणजे शेवटच्या टोकापर्यंत दोन्हींत फरक टिकतो आणि युरिया वाहत राहतो. या विसरणाचा नियम अडॉल्फ फिकचा, 1855 चा. विलेम कोल्फने 1943 मध्ये जर्मनांच्या ताब्यातल्या हॉलंडमध्ये हेच काम सॉसेजच्या सेलोफेन नळीवर करून पाहिलं होतं.

पुण्यातल्या एका डायलिसिस केंद्रात मात्र मी अडकलो ते आर.ओ.च्या खोलीशेजारी, वापरलेले डायलायझर धुणाऱ्या टेक्निशियनपाशी. एका बैठकीला मिनिटाला अर्धा लिटर म्हणजे चार तासांत 120 लिटर पाणी लागतं, त्यामुळे पाण्याची काळजी त्याच्या बोलण्यात सारखी येते. धुऊन झालं की तो प्रत्येक डायलायझरचं आतलं आकारमान मोजतो. मूळच्या 80 टक्क्यांखाली गेलं की फेकून द्यायचा, कारण तेवढे धागे रक्ताच्या गुठळ्यांनी बंद झाले. उरलेले त्याच रुग्णाचं नाव लिहून परत कपाटात. परवडत नाही म्हणून चालणारी ही पद्धत आहे, आणि तो ती इतक्या काटेकोरपणे पाळतो की मला त्याचा आदर वाटला आणि थोडी भीतीही.

मग आपणच धागा काढून स्वस्तात का देऊ नये? आयआयटी मुंबईत जयेश बेलारे यांच्या गटाने आणि खरगपूरला सिर्शेंदू डे यांनी डायलिसिससाठी असे धागे काढून दाखवले आहेत. अडतं ते पुढेच. अशा संशोधनाचा कारभार पाहणाऱ्याला एकाच छताखाली दोन उलट स्वभावांची माणसं सांभाळावी लागतात. प्रयोगशाळेत मान मिळतो काहीतरी नवं केल्याबद्दल. वॉर्डाला हवा असतो पहिल्यासारखाच दहा हजारावा धागा. पीएचडीचा विद्यार्थी चार वर्षांत निघून जातो, त्याच्या हाताची सवयही जाते. सतत चालणारा स्पिनिंगचा यंत्रसंच, धूळविरहित खोली, गळक्या धाग्याची तपासणी, निर्जंतुकीकरण, रक्ताशी सुसंगतीच्या चाचण्या, 2017 च्या वैद्यकीय उपकरण नियमांखालची परवानगी: यातल्या बहुतेक कामांवर शोधनिबंध होत नाही, पण प्रत्येकासाठी पगारी माणूस लागतो. नेफ्रॉलॉजिस्टला वेळ नसतो आणि पॉलिमरवाल्याला रुग्णाच्या खाटेपाशी जायचा रस्ता माहीत नसतो.

हे सगळं जमलं तरी रुग्णालयाची निविदा मागच्या वर्षांच्या पुरवठ्याचा दाखला मागते. पहिलीच खेप काढणाऱ्याने तो कुठून आणायचा, याला त्या अर्जात रकाना नाही.